एनबीएचा सामना, भाकीत आणि पैज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भल्या पहाटे चहाचं आधण ठेवून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत, पण आहेत. त्यांतला मी एक. मी टिप देत नाही, ॲप विकत नाही. प्रत्येक सामन्याआधी वहीत टक्के लिहितो आणि मित्रांशी लावलेली पैज हरलो तर मिसळ खाऊ घालतो. सारखे कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ते सगळं राहू द्या. आज कोण जिंकणार ते सांगा!

नाव सांगता येत नाही, टक्के सांगता येतात. हे अंग चोरणं वाटतं, म्हणून एक सामना सांगतो.

6 मार्च 2016, लॉस एंजेलिस. गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या खात्यात 55 विजय आणि 5 पराभव. समोर लेकर्स, 12 विजय आणि 51 पराभव. कोबी ब्रायंटचा तो निरोपाचा मोसम, संघ पार रसातळाला गेलेला. लेकर्सनं तो सामना 112-95 असा जिंकला. वॉरियर्सनी त्या दिवशी तीन गुणांचे 30 फटके मारले आणि त्यांतले 4 आत गेले. त्यांच्या क्ले थॉम्पसननं 8 मारले, एकही आत नाही. त्याच वॉरियर्सनी तो मोसम 73-9 असा संपवला, म्हणजे एनबीएच्या इतिहासातला साखळी फेरीचा सर्वोत्तम विक्रम.

आदल्या रात्री कुणी ‘वॉरियर्स 93 टक्के’ म्हटलं असतं तर तो माणूस चुकला का? एका सामन्यावरून ठरवता येत नाही. 93 टक्क्यांत 7 टक्के बाकी असतात आणि ते कधीतरी येतातच. ‘शंभर टक्के’ म्हणणारा मात्र नक्की चुकला.

1.91, -110, +170 हे आकडे वाचायचे कसे?

युरोपी पद्धत आपल्याला सोपी पडते. 1.91 चा भाव म्हणजे 100 रुपये लावले आणि जिंकलात तर 191 हातात, त्यात तुमचे 100 धरून. अमेरिकी पद्धतीत हाच भाव -110 असा लिहितात, म्हणजे 100 मिळवायला 110 लावा. अधिक चिन्ह असेल तर उलट: +170 म्हणजे 100 लावून 170 कमवा.

भावातून टक्के काढायला शिका, बाकी सगळं त्यावर उभं आहे. 1 भागिले भाव. 1.91 चे 52.4 टक्के. -200 चे 66.7 टक्के. +170 चे 37 टक्के. आता एकाच सामन्यात एका संघाला -200 आणि दुसऱ्याला +170 असेल तर बेरीज करून बघा: 103.7. शंभराच्या वरचे हे 3.7 म्हणजे बुकीची दलाली. तो कोण जिंकेल यावर जगत नाही, या फरकावर जगतो.

स्प्रेड म्हणजे काय?

बलाढ्य संघावर आधीच चढवलेलं गुणांचं ओझं. गल्लीत कच्च्या भिडूला सवलत देतात तसं, फक्त इथे सवलत कागदावर. ही कल्पना रुळवण्याचं श्रेय शिकागोच्या चार्ल्स मॅकनील या गणिताच्या शिक्षकाला देतात, काळ 1940 च्या दशकातला.

उदाहरणाला लांब जायला नको. 4 ऑक्टोबर 2019 ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज भिडले. भारतात झालेला एनबीए संघांचा हा पहिला सामना. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं घरचं कार्य. पेसर्स जादा वेळेत 132-131 असे जिंकले. समजा पेसर्सवर -2.5 चा स्प्रेड असता, तर त्यांच्यावर पैसे लावणारा हरला असता, कारण एका गुणाचा विजय ओझं फेडायला पुरत नाही. किंग्ज +2.5 घेणारा संघ हरूनही जिंकला असता. स्प्रेडमध्ये तो अर्धा गुण घालतात तो बरोबरी टाळायला. स्प्रेड नुसता 1 असता तर सामना बरोबर त्यावर येऊन थांबला असता आणि सगळ्यांचे पैसे परत.

आणि ओव्हर-अंडर?

दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज बुकीच्या आकड्यापेक्षा जास्त की कमी. वरळीच्या त्या सामन्याची बेरीज 263. जादा वेळेतले गुण धरले जातात हे नवख्यांना माहीत नसतं आणि मग त्यांची चिडचिड होते. शेवटच्या मिनिटात मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो, समोरचा फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा फटका) मारतो, घड्याळ थांबतं, आणि दीड तास जपलेला ‘अंडर’ दहा सेकंदांत बुडतो.

नाणेफेकीसारखं निम्म्या वेळा बरोबर आलो तर निदान नुकसान तरी नाही ना?

आहे. 1.91 च्या भावाला 100 पैजा, प्रत्येकी 100 रुपये. 50 जिंकलात तर 50 × 91 = 4,550 आले, 50 × 100 = 5,000 गेले. साडेचारशेचा खड्डा. नफा-तोटा शून्यावर यायलाच 52.4 टक्के पैजा बरोबर याव्या लागतात. हा अडीच टक्क्यांचा उंबरठा कागदावर चिमुकला दिसतो. जे लोक पोटापाण्यासाठी हे करतात, संगणक, माणसं आणि दिवसभराचा वेळ घेऊन बसतात, तेसुद्धा 54-55 ला खूष असतात.

भाकिताची सुरुवात कुठून करायची?

जिंकले-हरले या रकान्यापासून नाही. तो रकाना फसवा असतो. एका गुणानं जिंकलेले दहा सामने आणि पंधरा गुणांनी जिंकलेले दहा सामने तिथे सारखेच दिसतात, पण पुढच्या महिन्यात दुसरा संघ बहुधा जास्त जिंकतो.

मी दर शंभर पझेशनमागचे गुण बघतो. चेंडू एका संघाच्या ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतची एक पाळी म्हणजे पझेशन. काही संघ धावत खेळतात, काही रेंगाळत, त्यामुळे दर सामन्याचे गुण पाहून काही कळत नाही. पाळ्यांचा अंदाज बांधायचं साधं सूत्र आहे: मारलेले फटके, वजा आक्रमणातले रिबाउंड (आपलाच चुकलेला फटका पुन्हा हातात घेणं), अधिक टर्नओव्हर (फटका न मारताच चेंडू गमावणं), अधिक फ्री थ्रोच्या 0.44 पट. आजकाल हा आकडा संघामागे शंभराच्या आसपास येतो, म्हणून हिशेब सोपा जातो. शंभर पाळ्यांत केलेले गुण वजा दिलेले गुण, ही संघाची खरी पत.

ती पत कशातून येते याचं बास्केटबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी केलेलं विभाजन अजून चालतं. फटक्यांची अचूकता सर्वात जड, साधारण 40 टक्के वजनाची. मग टर्नओव्हर 25, रिबाउंड 20, फ्री थ्रो 15. अचूकता मोजताना तीनच्या फटक्याला दीडपट मान द्यायचा. आणि इथेच एक सावधगिरी: तीनचे फटके किती घेतले ही संघाची सवय, पण किती आत गेले यात पाच-दहा सामन्यांपुरतं नशीब फार असतं. ‘सध्या काय मारतायत!’ म्हणून ज्यांच्या मागे सगळे धावतात, ते बहुतेकदा खाली यायच्या बेतात असतात.

आता प्रत्यक्ष हिशेब. घरचा संघ शंभर पाळ्यांमागे +4, पाहुणा -1. फरक 5. घरच्या मैदानाचे 2 धरा. पूर्वी तीनच्या वर धरत, पण घरच्या मैदानाचा फायदा गेल्या काही वर्षांत आटत चाललाय. एकूण 7 गुणांनी घरचा संघ सरस. पण एनबीएचे निकाल अंदाजापासून साधारण 12 गुणांच्या प्रमाण विचलनानं इकडेतिकडे होतात. 7 भागिले 12 म्हणजे 0.58, आणि सांख्यिकीच्या तक्त्यात त्याची शक्यता दिसते 72 टक्के. सात गुणांनी सरस असलेला संघही चारातला एक सामना हरतो, हे पहिल्यांदा कागदावर दिसलं तेव्हा मी तक्ता दोनदा तपासला होता.

मग घरच्या संघाचा प्रमुख खेळाडू बसला. त्याचे 4 गुण वजा केले की उरले 3, म्हणजे 60 टक्के. एका गुडघ्यानं बारा टक्के खाल्ले.

कोण खेळणार आणि कोण बसणार हे कुठे कळतं?

लीगच संघांना दुखापतींची यादी जाहीर करायला लावते, साधारणपणे आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी पाचपर्यंत. त्यात ‘प्रॉबेबल’ (बहुधा खेळेल), ‘क्वेश्चनेबल’ (सांगता येत नाही), ‘डाउटफुल’ (बहुधा नाही), ‘आउट’ (नाहीच) अशा पायऱ्या असतात. ‘क्वेश्चनेबल’ लिहिलेला खेळाडू सामन्याच्या अर्ध्या तास आधीपर्यंत सगळ्यांना टांगून ठेवू शकतो.

82 सामन्यांच्या मोसमात विश्रांती हाही डावपेच आहे. 2023-24 पासून मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी 65 सामने खेळण्याची अट आली, तरी लागोपाठ दोन रात्री सामने असले की दुसऱ्या रात्री कुणीतरी बसतोच. मार्च-एप्रिलमध्ये उलटा प्रकार. तळातल्या संघांना हरण्यातच रस, कारण सर्वात वाईट तीन संघांना ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपातल्या, पहिल्या निवडीची प्रत्येकी 14 टक्के संधी मिळते. अशा वेळी ऑक्टोबरपासूनची सरासरी घेऊन बसलात तर फसाल.

डेन्व्हरच्या उंचीचं खरं आहे का?

खरं आहे. शहर समुद्रसपाटीपासून एक मैल वर, पाहुण्यांना धाप लागते, त्यातून आदल्या रात्री दुसऱ्या गावात खेळून आलेले असतील तर आणखीच. पण ते बुकीलाही ठाऊक आहे.

माझे 60 टक्के आणि भाव 1.55 सांगतो. मग काय समजायचं?

1.55 म्हणजे 64.5 टक्के. तुमच्या मते घरचा संघ महाग झालाय, म्हणजे समोरच्यावर पैसे लावावेत असं वाटेल. थांबा. दलाली वजा केली तर 64.5 चे 62 च्या आसपास राहतात, म्हणजे तुमच्यात आणि बाजारात खरा फरक दोन टक्क्यांचा. तुमच्या त्या ‘प्रमुख खेळाडूचे 4 गुण’ यातच दोन टक्क्यांहून जास्त अंदाजपंचे आहेत.

माझा अनुभव असा की माझं गणित आणि भाव फार दूर गेले की दहातल्या आठ वेळा मला काहीतरी माहीत नसतं. कुणाचा घोटा सुजलाय, कुणाला ताप आहे. भाव म्हणजे शेकडो हुशार, पैसेवाल्या आणि माझ्याआधी जाग्या झालेल्या लोकांचं एकत्रित मत. तुम्ही जे पेपरात वाचलंत ते त्यात कधीच मुरलेलं असतं. कोण चांगलं खेळेल हे ओळखणं आणि भाव कुठे चुकलाय हे ओळखणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली बऱ्याच जणांना येते.

पार्ले लावला तर थोड्यात जास्त मिळतात, नाही का?

पार्ले म्हणजे अनेक पैजांची एकच मोळी, सगळ्या बरोबर आल्या तरच पैसे. जास्त मिळतात, पण मिळायला हवेत त्याहून कमी. निम्म्या-निम्म्या शक्यतेच्या चार पैजा एकत्र बांधल्या की खरा भाव 16 हवा. 1.91 चार वेळा गुणलं की येतात 13.3. एका पैजेत जी दलाली साडेचार टक्के होती ती इथे जवळजवळ सतरा झाली. ॲपवाले पार्लेची जाहिरात इतक्या प्रेमानं का करतात, त्याचं कारण हेच.

टेलिग्रामवरच्या एकानं सलग सहा सामने बरोबर सांगितले. सातवा विकत घेऊ?

6,400 लोक घ्या. निम्म्यांना ‘अ जिंकणार’, निम्म्यांना ‘ब जिंकणार’ असा निरोप पाठवा. ज्यांना चुकीचा गेला त्यांना सोडून द्या. उरले 3,200. पुन्हा तेच. मग 1,600, 800, 400, 200, आणि सहाव्या सामन्यानंतर 100 माणसं, ज्यांच्या लेखी तुम्ही साक्षात भृगुसंहिता. त्या शंभरांत तुम्ही आहात. बाकीचे 6,300 तुम्हाला दिसत नाहीत.

फसवणूक नसली तरी नशीब असतंच. नाणं उडवून शंभर पैजा लावणाऱ्या शंभर जणांत नऊ-दहा जण 57 किंवा त्याहून जास्त जिंकतात. ते सगळे स्वतःला जाणकार समजतात.

सगळं फिक्स असतं म्हणतात. खरं काय?

सगळं नाही, पण काहीच नाही असंही नाही. जॅक मोलिनास या फोर्ट वेन पिस्टन्सच्या खेळाडूला स्वतःच्या संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्याबद्दल 1954 मध्ये बाहेर काढलं. टिम डोनाही हा तर पंच. स्वतः शिट्टी वाजवलेल्या सामन्यांवर पैजा लावल्याचं प्रकरण 2007 मध्ये फुटलं, त्यानं गुन्हा कबूल केला आणि 2008 मध्ये त्याला 15 महिन्यांची शिक्षा झाली.

हल्ली धोका सामन्याच्या निकालात कमी आणि ‘प्रॉप’ पैजांत जास्त आहे, म्हणजे अमुक खेळाडू किती गुण करेल, किती रिबाउंड घेईल. निकाल फिरवायला बरीच माणसं लागतात. कमी खेळायला एकटा पुरतो. टोरंटोचा जॉन्टे पोर्टर 20 मार्च 2024 ला बरं वाटत नाही म्हणून तीनेक मिनिटांत बाहेर पडला. त्याचे आकडे कमीच राहतील यावर कुणीतरी 80,000 डॉलरचा पार्ले लावला होता, जिंकला असता तर 11 लाख डॉलर. बाराव्या-तेराव्या खेळाडूवर इतके पैसे कोण लावतो, अशी शंका कंपनीलाच आली आणि रक्कम रोखली गेली. एप्रिलमध्ये पोर्टरवर आजन्म बंदी आली. ऑक्टोबर 2025 मध्ये टेरी रोझियर या खेळाडूला अटक झाली. आपण लवकर बाहेर पडणार ही माहिती 2023 च्या एका सामन्याआधी फोडल्याचा आरोप त्याच्यावर आहे आणि त्यानं तो नाकारलाय.

माझं मत विचाराल तर राखीव खेळाडूंवरच्या प्रॉप पैजा बंदच करायला हव्यात.

भारतात बसून यावर पैसे लावणं कायदेशीर आहे का?

ऑनलाइन, नाही. 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैशांचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद केले. कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद त्यानं निकालातच काढला, म्हणून फँटसीवाल्यांनाही दुकान आवरावं लागलं. असा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण म्हणून तुमचे अडकलेले पैसे सोडवायला कुणी येईल असंही नाही. परदेशी साइटवर खेळलात आणि तिनं खातं गोठवलं, तर तक्रार कुणाकडे करणार?

ओळखीच्या बुकीकडे फोनवरून लावलं तर चालतं का, हाही प्रश्न येतो. राज्यात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. मटक्याच्या काळापासून पोलिसांना तो पाठ आहे. योगायोग बघा, मटक्याचा आकडाही सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावावरच निघायचा. अमेरिकेतल्या आकड्यावर मुंबईत पैसे लावणं आपल्याला नवीन नाही.

माझा भाऊ एडिसनला असतो. तो लावतो, ते कसं काय?

न्यू जर्सीत परवानगी आहे, वय 21 पूर्ण हवं. 14 मे 2018 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बहुतेक राज्यांना खेळांवरच्या पैजांची परवानगी देण्यापासून रोखणारा 1992 चा संघीय कायदा रद्द केला, आणि तो खटला न्यू जर्सीनंच लढवला होता. महिनाभरात तिथे कायदेशीर पैजा सुरू झाल्या. परवानगी राज्यागणिक बदलते. सॅन होजेतल्या बहिणीला मात्र तसं करता येत नाही: कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर 2022 मध्ये अशा पैजांना परवानगी देणारे दोन्ही प्रस्ताव फेटाळले. आणि भावाच्या खात्यावरून तुम्ही पुण्यात बसून खेळणं, हे दोन्हीकडे नियमाबाहेरचं आहे.

सामना चालू असताना पैज लावावी का? तेव्हा तर डोळ्यांसमोर दिसत असतं.

तुम्हाला जे दिसतं ते मैदानावरच्या माणसापेक्षा काही सेकंद उशिरा दिसतं. भाव त्याआधी हललेला असतो. आणि ‘आता काय उरलंय’ हे बास्केटबॉलमध्ये म्हणायचं नसतं. 9 डिसेंबर 2004 ला ह्यूस्टनच्या ट्रेसी मॅकग्रेडीनं सान अँटोनिओविरुद्ध शेवटच्या 35 सेकंदांत 13 गुण केले आणि सामना 81-80 असा फिरवला. कितीतरी प्रेक्षक तोवर गाड्या काढायला निघाले होते.

भांडवलाचा किती भाग लावावा याचं काही सूत्र आहे म्हणे?

आहे, बेल लॅब्जच्या जॉन केली यांचं, 1956 चं. तुमची खरी शक्यता 55 टक्के आणि भाव 1.91 असेल तर ते सांगतं भांडवलाचे साडेपाच टक्के. अडचण एवढीच की ‘खरी शक्यता 55’ हे कुणी सांगितलं? ती 52 निघाली तर तेच सूत्र सांगतं: शून्य. जाणकार लोक केलीच्या निम्मं किंवा पाव लावतात, ते याच भीतीनं.

काल हरलेले आज भरून काढायचे आहेत. कोणता सामना घेऊ?

कुठलाच नाही. हा प्रश्न बास्केटबॉलचा उरलेला नाही. घरातल्या एखाद्या माणसाला रक्कम खरी सांगा, आणि झोप उडाली असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्यसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.

पैशांशिवाय यात मजा ती काय?

मला तरी येते. वहीत चार रकाने: तारीख, सामना, माझे टक्के, निकाल. सामना सुरू व्हायच्या आधी लिहायचं, पेननं. मग ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञानं 1950 मध्ये सुचवलेली मोजणी करायची. 70 टक्के म्हटलं आणि संघ जिंकला तर चूक 0.3, तिचा वर्ग 0.09. हरला तर 0.7 चा वर्ग 0.49. महिनाभराची सरासरी काढा. जितकी कमी तितकं बरं. डोळे मिटून प्रत्येक सामन्याला 50 टक्के लिहिणाऱ्याची सरासरी 0.25 येते, तेव्हा निदान त्याच्या खाली राहायचं. माझा पहिला महिना 0.27 होता. बायको म्हणाली, नाणं घे, स्वस्त पडेल.

आमच्या गटात महिन्याअखेर ज्याची सरासरी सर्वात जास्त त्यानं मिसळ द्यायची. तर्री वेगळी मागितली तर ज्याची त्यानं.

प्री-सीझनचे सामनेही वहीत धरायचे का?

नको. मोसमाआधीचे हे सरावाचे सामने; प्रशिक्षक त्यात पोरांना अजमावतात, मुख्य खेळाडू अर्ध्यावर आंघोळीला जातात. वरळीतल्या त्या दोन सामन्यांतला पहिला एका गुणानं सुटला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच पेसर्सनी त्याच किंग्जना 130-106 असं धुतलं. वही ऑक्टोबरच्या उत्तरार्धात उघडा, मोसम सुरू झाला की.